नगरपालिकेची हद्द आणि गरिबाचे घर

(कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे व कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय निवडला आहे तो वरकरणी रुक्ष वाटेल. शेजारशेजारच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन आपल्या साऱ्या प्रदेशाची आखणी करावी आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा प्रश्न मिळून सोडवावा, हा तो विषय होय. यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. सहकार हा शब्दच असा आहे की, तो उच्चारताच सर्वजण माना डोलावतात. परंतु वकिलीच्या धंद्यात माणसाला एक सवय जडते. करारनामा पुढे आला म्हणजे तो मथळा वाचीत बसत नाही. सही कोणाकोणाची आहे आणि ज्याच्या नशिबाचा करार झाला त्याची सही आहे की नाही, हे तो प्रथम पाहतो. आजच्या विषयाकडे तुम्ही त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

यासाठी मी अमेरिकेतील न्यू जर्सी या राज्याचे उदाहरण घेणार आहे. या लहानशा राज्यात आज ५६४ स्थानिक नगरशासने आहेत. आपल्या हद्दीत कोणत्या जमिनीवर काय बांधावे, भूखंड किती मोठा असावा, घर किती खोल्यांचे असावे, हे प्रत्येक नगर आपल्या नियमांनी ठरवते. या नियमांना तेथे झोनिंग म्हणतात. शाळेचा खर्च मुख्यत्वे त्या त्या नगराच्या मालमत्ता करातून भागतो. म्हणून ज्याचे घर महाग आणि मुले थोडी, तो रहिवासी नगराला हवासा. ज्याचे घर स्वस्त आणि मुले पुष्कळ, तो नकोसा. नियमपुस्तकात कोठेही वर्णाचे नाव न लिहिता, केवळ भूखंडाचे माप वाढवून आणि खोल्यांची संख्या घटवून, गरिबाला व त्यातही कृष्णवर्णीयाला वेशीबाहेर ठेवण्याची ही युक्ती होती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले त्यांना ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

माउंट लॉरेल हे या राज्यातील सुमारे २२ चौरस मैलांचे नगर. फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन ही मोठी शहरे त्याच्या जवळ. १९५० साली त्याची लोकसंख्या २,८१७ होती, ती १९७० साली ११,२२१ झाली. शेतांच्या जागी टुमदार बंगले उभे राहिले. परंतु याच नगरात स्प्रिंगव्हिल नावाच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. काहींची घरे मोडकळीस आलेली, तर काहींनी कोंबड्यांच्या खुराड्यांचीच घरे केलेली. नगरशासन ती घरे राहण्यास अयोग्य ठरवून पाडण्याच्या मागे लागले, परंतु दुसरे घर देण्याची जबाबदारी त्याने घेतली नाही. तेव्हा रहिवाशांनी ३६ साध्या सदनिका बांधण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. १९७० च्या ऑक्टोबरात त्यांच्याच चर्चमधील सभेत नगराध्यक्षांनी त्यांना ऐकवले की, ज्यांना या गावात राहणे परवडत नसेल त्यांनी गाव सोडून जावे.

एथेल लॉरेन्स या बाईंनी गाव सोडले नाही. त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवीत आणि त्यांचे घराणे कित्येक पिढ्या त्याच गावचे होते. त्या व त्यांचे सोबती १९७१ साली न्यायालयात गेले. गरिबांना विनामूल्य कायदेविषयक मदत देणाऱ्या कॅम्डेनच्या संस्थेतील तरुण वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. दाव्यात वादी म्हणून अग्रभागी नाव होते ते एन. ए. ए. सी. पी. या संघटनेच्या स्थानिक शाखेचे. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. ड्यूबॉईस यांना परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

पुराव्यात निघालेल्या काही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. नगरातील एकूण जमिनीपैकी २९.२ टक्के, म्हणजे ४,१२१ एकर, केवळ उद्योगधंद्यांसाठी राखून ठेवली होती. प्रत्यक्षात त्यांपैकी सुमारे १०० एकरांवरच उद्योग होते. उरलेली जमीन ओसाड राहिली तरी चालेल, परंतु तेथे गरिबाचे घर नको. जेथे बहुमजली सदनिकांना संमती दिली तेथेही खोल्यांवर मर्यादा घातली. शिवाय अशी अट घातली की, दर सदनिकेमागे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ०.३ पेक्षा अधिक झाले तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसावा! मूल जन्मास येणे हाच जणू नगराविरुद्ध अपराध.

२४ मार्च १९७५ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या या निकालातील युक्तिवाद कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. झोनिंगचा अधिकार नगराचा स्वतःचा नव्हे. तो राज्याने त्याला सोपवलेला अधिकार आहे. राज्याची सत्ता सर्वांच्या कल्याणासाठी वापरली पाहिजे. मग तीच सत्ता हाती घेणाऱ्या नगराला ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ ‘माझ्या हद्दीतले’ असा संकुचित करता येणार नाही. नगराच्या निर्णयाचे परिणाम हद्दीबाहेर होतात, म्हणून हद्दीबाहेरच्या माणसाचाही विचार त्याने केलाच पाहिजे. सबब, विकास पावत असलेल्या प्रत्येक नगराने आपल्या प्रदेशातील अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना लागणाऱ्या घरांपैकी स्वतःच्या न्याय्य वाट्याला वाव दिला पाहिजे.

हा निकाल राज्याच्या संविधानावर आधारलेला होता, हे लक्षात घ्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ साली, आर्लिंग्टन हाइट्सच्या खटल्यात अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, झोनिंगचा परिणाम वर्णभेदी आहे एवढे दाखवून भागणार नाही. हेतू वर्णभेदी होता हे सिद्ध केले पाहिजे. हेतू सिद्ध करणे किती कठीण असते ते आपणांस माहीत आहे. नियम लिहिणारा मनातले कागदावर उतरवीत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने मनाचा शोध न घेता जमिनीवरील परिणाम पाहिला.

निकाल लागला म्हणून घरे उभी राहिली नाहीत. माउंट लॉरेलने दलदलीच्या, गैरसोयीच्या अशा तीन तुकड्यांवर परवानगी देऊन निकालाची बोळवण केली. हे तीन तुकडे मिळून नगराच्या जमिनीचा पाव टक्काही होत नव्हता. पुन्हा न्यायालयात जावे लागले. २० जानेवारी १९८३ रोजी मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांच्या न्यायालयाने दुसरा व अधिक कडक निकाल दिला. वाट्याचा निश्चित आकडा ठरवावा, या खटल्यांसाठी तीन खास न्यायाधीश नेमावेत, आणि नगर टाळाटाळ करीत असेल तर स्वस्त घरांचा पुरेसा हिस्सा ठेवणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला न्यायालयाने थेट परवानगी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. आता मात्र श्रीमंत नगरे खडबडून जागी झाली.

येथून पुढचा भाग आपल्या विषयाचा गाभा आहे. १९८५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा प्रश्न न्यायालयांकडून एका परिषदेकडे सोपवला. त्याच कायद्यात ‘प्रादेशिक अंशदान करार’ नावाची एक तरतूद घातली. एखाद्या नगराला आपल्या न्याय्य वाट्यापैकी निम्म्यापर्यंत घरे त्याच प्रदेशातील दुसऱ्या नगराकडे वर्ग करता येतील. त्याबद्दल त्याने दुसऱ्या नगराला दर घरामागे ठरलेली रक्कम द्यावी. नाव पाहा, किती सुरेख! प्रदेशाचा विचार आहे, अंशदान आहे, करार आहे. दोन शेजारी स्थानिक शासने राजीखुशीने एकत्र आली आहेत. सहकाराची सगळी लक्षणे येथे दिसतात.

प्रत्यक्षात काय घडले? सुखवस्तू उपनगरांनी पैसे मोजले आणि नेवार्क, ट्रेंटन यांसारख्या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरांनी ते घेतले. हजारो घरांचा वाटा असा हस्तांतरित झाला. पुष्कळदा तो पैसा जुन्या घरांच्या दुरुस्तीवर खर्च झाला, म्हणजे प्रदेशात नवे घर एकही वाढले नाही. घेणाऱ्या शहरांना दोष देणे सोपे आहे. परंतु रिकाम्या तिजोरीचे शहर आलेला पैसा कसा नाकारणार? उपनगरातील चांगली शाळा, रोजगार आणि सुरक्षित रस्ते जेथल्या तेथे राहिले. गरीब माणूसही जेथल्या तेथे राहिला. करारावर दोन नगरांच्या सह्या होत्या. ज्याच्या मुलाने त्या उपनगराच्या शाळेत जायचे होते त्याची सही कोणी मागितली नाही. बहिष्कृताला बाहेर ठेवण्याचे मूल्य ठरवून त्याची पावती देण्याची ही पद्धत होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

२००८ साली नवा कायदा करून हे करार बंद करण्यात आले. पुढे ती परिषदही निकामी झाली आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न पुन्हा न्यायालयांकडे घेतले. २० मार्च २०२४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने परिषद रद्द केली आणि २०२५ ते २०३५ या दशकासाठी प्रत्येक नगराचा वाटा ठरविण्याची नवी रीत घालून दिली. त्यालाही काही नगरांनी न्यायालयात आव्हान दिले. पन्नास वर्षे लोटली तरी वेशीवरील झुंज संपलेली नाही.

आणि त्या ३६ सदनिकांचे काय झाले? एथेल लॉरेन्स १९९४ साली निवर्तल्या. त्यांच्या नावाने माउंट लॉरेलमध्ये उभारलेल्या वसाहतीत २००० साली पहिली कुटुंबे राहावयास आली. पुढे तेथे १४० घरे झाली. परवानगीच्या सुनावणीत विरोधकांनी भीती घातली होती की, गुन्हे वाढतील, कर वाढतील, आसपासच्या घरांच्या किमती कोसळतील. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. या तिन्हींपैकी एकही भीती खरी ठरली नव्हती.

आता आपल्याकडे वळू. आपल्या संविधानात १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २४३-झेडई आला. दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडावेत, असे तो सांगतो. समितीने पाहावयाच्या समाईक गोष्टींत जागेचे समन्वित नियोजन आहे, पाण्याची वाटणी आहे, पायाभूत सोयी आहेत, पर्यावरण आहे. गरिबाचे घर हा शब्द त्या यादीत नाही आणि न्याय्य वाट्याचे तत्त्वही नाही. मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत. त्यांच्यापैकी कोणी किती स्वस्त घरांना आपल्या हद्दीत जागा द्यावी, याचे संविधानाने घालून दिलेले कोणतेही माप नाही.

माप नसले म्हणजे काय होते ते गिरणी कामगारांना विचारा. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा महानगरपालिकेला आणि एक म्हाडाला द्यावयाचा होता. २००१ च्या बदलाने हा नियम केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. २०२४ साली शासनाने हजारो कामगारांच्या घरांसाठी जागा दाखवली ती बदलापूरच्याही पलीकडे, वांगणी आणि शेलू येथे. २०२५ च्या जुलैत हे वृद्ध कामगार व त्यांचे वारस मुंबईतच घर द्या म्हणत आझाद मैदानावर बसले. प्रदेश एकच, म्हणून घर कोठेही दिले तरी चालते, हा युक्तिवाद न्यू जर्सीच्या त्या करारांहून फारसा वेगळा नाही.

येथे कोणी शंका काढील की, १९४७ च्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनीच अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती व त्यासाठी वसाहत आयोग मागितला नव्हता काय? मागितला होता. परंतु ती मागणी ज्यांना राहावयाचे त्यांनी केलेली होती, आणि तिच्यात सरकारी पडीक जमीन होती, उपजीविकेचे साधन होते, गावगाड्याच्या गुलामगिरीतून सुटका होती. माणसाने स्वतः गाव सोडणे आणि गावाने त्याला घालवणे यांत स्वातंत्र्य आणि दास्य यांच्याइतके अंतर आहे.

तात्पर्य, नगरपालिकांनी एकत्र यावे याला माझा विरोध नाही. पाणी, रस्ते, रोजगार हद्द पाळत नाहीत. तेव्हा घरांचा विचारही प्रदेशाचाच झाला पाहिजे. परंतु असा प्रत्येक आराखडा हातात आला की, त्याला तीन प्रश्न विचारा. प्रत्येक नगराचा वाटा आकड्यात लिहिला आहे काय? तो वाटा पैसे देऊन शेजाऱ्यावर ढकलता येतो काय? आणि ज्यांना त्या घरांत राहावयाचे आहे त्यांचे म्हणणे कोठे नोंदले आहे? आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की, महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती व सूचना मागविल्या जातात. ती मुदत थोडी असते आणि आपल्या वस्त्यांत तिची बातमी क्वचितच पोहोचते. तुमच्यापैकी जे कायदा शिकत आहेत त्यांनी ती सूचना वस्तीत वाचून दाखवावी, हरकत लिहून द्यावी, तिची पोच घ्यावी आणि सुनावणीस हजर राहावे. माउंट लॉरेलचा खटलाही एका नाकारलेल्या अर्जातूनच उभा राहिला होता.

 जय भीम.