प्रोजेक्टची कंपनी होते तेव्हा

पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतीण बाई बांबूच्या झोळीतून खाली आणताना आपल्यातल्या कितीतरी जणींनी झोळीला हात लावलाय. म्हणून ड्रोनचा विषय निघाला की आमच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो, ते आमच्या पाड्यावर औषध आणेल का?

आमच्या गटातल्या एकीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “आई, आमचं ड्रोन मार्कांपुरतं. परीक्षा झाली की कपाटात.”

मग आम्ही ‘आयडियाफोर्ज’ची गोष्ट समजून घेतली. पवईच्या आयआयटीतल्या मुलांना आपोआप उडणारं यंत्र बनवायचा नाद होता. अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट यांनी 2007 मध्ये कंपनी काढली. पण ड्रोनला तेव्हा गिऱ्हाईक कुठं होतं? म्हणून सुरुवातीला त्यांनी हातानं फिरवायचा मोबाईल चार्जर केला. (आपण नाही का, पापड खपेपर्यंत शिवणकाम करत!) 2009 च्या ‘थ्री इडियट्स’ सिनेमात उडालेलं ड्रोन त्यांचंच. पुढे डीआरडीओबरोबर ‘नेत्र’ झालं. ते स्वतःच उडतं, पाहणी करतं, संपर्क तुटला तर स्वतःच परत येतं. 2023 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. नंतर तोटाही झाला, तेही सांगायला हवं.

आम्हाला यात एक गोष्ट खटकली. ‘नेत्र’ला कॅमेरा आहे, कारण विकत घेणारे लष्कर आणि पोलीस. त्यांना बघायचं होतं. ओझं वाहायचं ड्रोन वेगळं असतं. तेही होतं बरं का, पालघरमध्ये जव्हारहून झापला 2021 मध्ये करोनाच्या लशी ड्रोननं गेल्या. म्हणजे यंत्र अडत नाही. आमच्या पाड्याला काय हवं, किती किलो, कुठल्या महिन्यात, हे बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि पैसे कोण देणार, हेही ठरलेलं नाही. पाड्यावरच्या बाईकडून तर ते निघणार नाहीत. ते सरकारी दवाखान्यानंच द्यायला हवेत, असं आम्हाला वाटतं.

म्हणून आम्ही आशाताईंबरोबर एक वही घातलीय. झोळी कधी निघाली, रस्ता किती दिवस बंद होता, कोणतं औषध संपलं होतं. मुलगी म्हणाली, “आई, ही वही आमच्या सरांना दाखवू का?” दिवाळीच्या सुट्टीनंतर ती घेऊन जाणार आहे. तोवर तुमच्या पाड्याचं पान राहिलं असेल, तर आम्हाला कळवा.