अवचित मिळालेली सुट्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोल, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी विचारले, "कशावर बोलू?" उत्तर मिळाले, "तुला आनंद कशाने झाला ते सांग." लग्नकार्य, बारसे, मुलांचे निकाल हे आनंद आपणा सगळ्यांचे सारखेच आहेत. ते मी सांगत नाही. ज्या दिवशी मी काहीच केले नाही, त्या दिवसाचा आनंद मी सांगणार आहे.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. चांदोरीला माझी मावशी असते. ती तापाने पडली म्हणून कळले, तेव्हा सकाळीच भाकरी-भाजी उरकून, "तासाभरात येते," असे सांगून मी पूल ओलांडून गेले. त्या दिवशी आमच्या चाळीतला कांदा निवडायचा होता. सात बायका सांगून ठेवल्या होत्या. त्यांचा चहा, घरातल्यांचे जेवण, दळण, सगळे माझ्या डोक्यात फिरत होते.

मावशीजवळ बसते न बसते तोच मावसभाऊ सांगत आला, "ताई, गंगेला पाणी वाढलंय, पूल बंद केला." आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि तिचा स्वभावही आपल्याला ठाऊक आहे. 2016 चा आणि 2019 चा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेली नाही. घरांत, दुकानांत पाणी शिरले, तो चिखल उपसताना आपले हात सोलून निघाले होते. पूर हा काही गमतीचा विषय नव्हे. पण तो दिवस तसा नव्हता. पाणी पुलाशी आले, पाणवेलींचा भारा पुलाला अडकला आणि रहदारी थांबली, इतकेच.

मी घरी फोन केला. हे म्हणाले, "आता कसं?" मी सांगू लागले, "पीठ खालच्या फळीवर आहे, तिखट निळ्या झाकणाच्या डब्यात, दूध वेळेवर तापवा." हे म्हणाले, "बरं, बघतो." त्या 'बघतो' वर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

पहिले दोन तास मी नुसती तळमळत होते. उठून भांडी घासायला गेले, तर वहिनीने हातातली काथ्या काढून घेतली. अंथरुणांच्या घड्या घातल्या, पुन्हा मोडून पुन्हा घातल्या. शेवटी मावशीच ओरडली, "अगं, बस की जरा! पुलावरचं पाणी तुझ्या उभं राहण्यानं उतरणार आहे का?"

मग मी बसले. वहिनीने चहा दिला आणि तो मी गरम असतानाच प्याले. तुम्ही हसता, पण आठवून पाहा, आपला चहा आपण बसून, गरम असताना, मध्ये न उठता शेवटचा कधी प्यायलो? दुपारी जेवायला बसले, तेव्हा तव्यावरची फुगलेली बाजरीची भाकरी थेट माझ्या ताटात पडली. लग्न झाल्यापासून मी हजारो भाकरी थापल्या असतील, पण पहिली भाकरी माझ्या वाट्याला येत नाही. शेवटची येते, आणि तीही गार. दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी किती गोड लागते, हे मी विसरूनच गेले होते.

जेवून मावशीशेजारी आडवी झाले. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो पाऊस माझा नव्हता. त्यात माझे कपडे भिजत नव्हते, माझे सरपण ओले होत नव्हते. मी नुसता ऐकत होते. संध्याकाळी मावशीला जरा हुशारी वाटली, तशी तिने माझ्या डोक्याला तेल लावले. वहिनीच्या मुलीने सागरगोटे काढले. पंचवीस वर्षांनी मी सागरगोटे खेळले आणि दोन डाव जिंकलेही!

तेल लावता लावता मावशी म्हणाली, "तुझी आई दर वर्षी म्हणायची, औंदा चार दिवस येते तुझ्याकडं निवांत. एवढं काम आवरलं की येते." आईचे काम काही आवरले नाही, आणि ती चार दिवस आलीच नाही. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. मावशीचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पूल सुटला. घरी आले तर घर जागच्या जागी होते! खिचडी बुडाला लागली होती, दूध थोडे उतू गेले होते, पातेले भिजत पडले होते. पण सगळे जेवले होते. सासूबाई म्हणाल्या, "खारट होती, पण केली पोराने." खरे सांगू? मला बरे वाटले आणि थोडे वाईटही वाटले. माझ्यावाचून अडते, ह्याचा मला जो अभिमान होता, त्याला धक्का बसला. मग ध्यानात आले की, कोणता डबा कुठे आहे, हे मी आजवर कोणाला सांगितलेच नव्हते.

पण गोष्ट इथे संपत नाही. यांनी कांदा निवडणाऱ्या बायकांना, "घरात बाई नाही, पाऊसही आहे," म्हणून दारातूनच परत पाठवले होते. पुढच्या आठवड्यात त्यांतली एक जण हसत हसत मला म्हणाली, "बाई, तुमची सुट्टी झाली, आमचा मात्र खाडा झाला." ती हसली, मला हसता आले नाही. माझ्या एका दिवसाच्या सुखापायी सात जणींचा रोज बुडाला होता. आणि मी ज्या गरम भाकरीचे कौतुक केले, ती थापणाऱ्या वहिनीला तरी त्या दिवशी सुट्टी कुठे होती?

माझ्या धाकटीने मला नारायण मेघाजी लोखंडे यांची माहिती वाचून दाखवली होती. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. 24 एप्रिल 1890 रोजी लोखंड्यांनी सभा भरवली, तिला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामकरी बायाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या काळी एवढ्या लोकांपुढे दोन बायांनी उभे राहून, आम्हालाही विसावा हवा, असे सांगितले. आपल्याला मात्र आपल्याच घरात ते सांगायचा संकोच वाटतो.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. घरातल्या सगळ्यांना डबे दाखवून ठेवले. यांच्याशी बोलून असे ठरवले की, बायका दारात आल्या आणि काम बंद राहिले, तर निदान अर्धा रोज द्यायचा. आणि दिवाळीनंतर वहिनीला आमच्याकडे बोलावून घेतले, पाटावर बसवले आणि तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात वाढली. तिचे डोळे भरून आले. "ताई, धूर झालाय," म्हणाली. चूल नव्हती, गॅस होता!

म्हणून मैत्रिणींनो, माझी एक सूचना आहे. आपण पैशांची भिशी चालवतो, तशी सुट्टीची भिशी चालवू या. महिन्यातून एकदा चिठ्ठी काढायची. जिचे नाव निघेल, तिने त्या दिवशी दुसरीच्या घरी पाहुणी म्हणून जायचे, बसून गरम चहा घ्यायचा, गरम भाकरी खायची, दुपारी झोपायचे. पुढे आपली पाळी आली की दुसरीला वाढायचे. ज्या रोजाने जातात, त्यांचा त्या दिवसाचा रोज मंडळाने वर्गणीतून भरून द्यायचा, म्हणजे त्यांची सुट्टी खाडा होणार नाही.

गंगेला पाणी येण्याची वाट कशाला पाहायची? आणि काम आवरल्यावर जाऊ, असे तर मुळीच म्हणू नका. माझ्या आईने तेच म्हटले होते.

पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी भाकरी थापायला माझे घर तयार आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.