नजर गायकाकडे, हात नॉबवर

(मंडळाच्या सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्षांनी माझी ओळख 'संगीत जाणणारा इंजिनीअर' अशी करून दिली. गेल्या गणेशोत्सवानंतर या दोन्ही शब्दांवर माझा फारसा हक्क उरलेला नाही, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे!

त्या संध्याकाळी सुगम संगीताच्या कार्यक्रमात मी लॅपटॉप घेऊन साथीला बसलो होतो. तानपुरा, स्वरमंडळ, व्हायोलिन, सगळे त्या एका यंत्रात. आपल्या एक ज्येष्ठ काकू गात होत्या. दुसऱ्या अंतऱ्याला त्यांनी हाताने खूण केली, 'तानपुरा कमी कर.' मी माउस घेऊन पडद्यावरची ती इवलीशी पट्टी शोधू लागलो. घाईत ओढली ती शेजारची. व्हायोलिन एकदम अंगावर आले, काकूंचा सूर हलला आणि त्यांनी गाणे तिथेच थांबवले.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. चहाचा कप पुढे करत काकू म्हणाल्या, "अरे, चूक कुणाचीही होते. पण तू माझ्याकडे पाहतच नव्हतास. आता स्टेजवर नको रे बाबा."

ते वाक्य मला लागले. तबलजी, पेटीवाले यांची नजर गायकाच्या चेहऱ्यावर असते, हात आपोआप चालतात. माझी नजर पडद्यात अडकली होती. तेव्हा ठरवले, हाताला कळेल असे काहीतरी बनवायचे.

या कामाला आपल्या गावात मोठी परंपरा आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ साली याच बेंगळुरूत जी. राज नारायण यांनी घडवला. ते स्वतः बासरीवादक आणि इंजिनीअर. त्यांच्या 'रडेल'ची पेटी आज असंख्य गायकांच्या घरी आहे. स्वराला एक नॉब, आवाजाला एक. डोळे मिटूनसुद्धा गायक तो फिरवू शकतो. मला तेवढेच साधायचे होते, फक्त आवाज लॅपटॉपमधून येणार होता.

नॉबचे म्हणणे लॅपटॉपला कळवणारी भाषा म्हणजे 'मिडी'. पूर्वी एका कंपनीच्या वाद्याला दुसऱ्या कंपनीचे वाद्य समजत नसे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली आणि सामाईक भाषा रूढ झाली. मिडीतून आवाज जात नाही, निरोप जातो. पोस्टकार्डासारखा: कोणत्या वाद्याला, कोणत्या बाबतीत आणि किती. हे 'किती' ० ते १२७ यांतला एक आकडा असतो.

सामान आणायला एस. पी. रोडला गेलो. तिथल्या गल्ल्यांत तासभर हिंडलो की इलेक्ट्रॉनिक्सचे बहुतेक सगळे मिळते. दहा किलोओहमचे 'पॉट' घेतले आणि एक आर्डुइनो बोर्ड. बोर्ड घेताना एवढे पाहावे की संगणकाने त्याला थेट मिडी वाद्य म्हणून ओळखले पाहिजे. 'लिओनार्डो'ला ते जमते, साध्या 'उनो'ला आडवाट धरावी लागते. खोके सुताराकडून लाकडाचे करून घेतले.

सोल्डरिंग एका रविवारी झाले. खरी परीक्षा पुढे होती. बोर्ड नॉबची जागा ० ते १०२३ अशी मोजतो, म्हणून आठाने भागून मिडीचा आकडा काढायचा. पण नॉबला हात न लावताही मोजमाप किंचित थरथरते. ५११ चे ५१२ झाले की मिडीत ६३ चे ६४ होतात, आणि हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो. उपाय सोपा निघाला: मोजमाप काही घरे सरकल्याशिवाय निरोप पाठवायचाच नाही.

दुसरी अडचण गाणे बदलताना आली. नव्या गाण्यात तानपुरा ४० वर ठेवलेला, नॉब मात्र आधीच्या गाण्यातल्या ९० वर. हात लागताच आवाज उसळी घेतो, म्हणजे पुन्हा तोच गेल्या वर्षीचा प्रसंग! म्हणून लॅपटॉपवर अशी सोय केली की नॉब फिरत फिरत ४० पर्यंत येईतो त्याचे ऐकायचे नाही, तिथून पुढे ऐकायचे.

तिसरी गोष्ट सुराची. आवाजाला १२८ पायऱ्या पुरतात, पण सूर बारीक सरकवताना त्या पायऱ्या कानाला जाणवू शकतात. मिडीत सुरासाठी वेगळा निरोप आहे, त्यात १६,३८४ पायऱ्या आहेत. माझा बोर्ड त्यांतल्या १०२४च गाठतो, तरी कानाचे समाधान होते.

सुरुवातीला मी आठ नॉब बसवले होते. तालमीत कळले की साथ करताना आठांची आठवण राहत नाही. चार ठेवले: तानपुरा, व्हायोलिन, पडसाद आणि बारीक सूर. तानपुऱ्याचा नॉब सर्वांत मोठा. सुराचा नॉब दूर कोपऱ्यात, चुकून धक्का लागू नये म्हणून. नावे लिहिलेली नाहीत, कारण वाचायला लागलो की पुन्हा नजर खाली जाणार.

गेल्या महिन्यात खोके घेऊन काकूंकडे गेलो. "फक्त घरी गाऊन पाहा," म्हटले. बऱ्याच आर्जवानंतर त्या बसल्या, काळी चार लावली. मध्येच त्यांची भुवई जरा वर गेली. माझा हात तानपुऱ्यावर होता, मी तो थोडा कमी केला. त्या गात राहिल्या. गाणे संपल्यावर म्हणाल्या, "आज पाहत होतास."

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव आहे की नाही, ते सांगण्याची मला परवानगी नाही. एवढेच सांगतो, की तालमीला त्या रोज वेळेवर येतात, आणि माझ्या आधी येतात!

मंडळातल्या ज्या मुलामुलींना असे खोके बनवायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. सोल्डरिंग मी शिकवीन. गायकाकडे पाहायला काकू शिकवतील.