पर्जन्यवनातील कोल्हे काय खातात?



प्राण्यांच्या आहाराचा पाठ प्राथमिक शाळेत बहुधा फळ्यावर दोन रकाने पाडून शिकविला जातो. एका रकान्यात गाय, शेळी, ससा. दुसऱ्यात वाघ, लांडगा, कोल्हा. हे वर्गीकरण सोपे आहे, आणि तपासावयासही सोयीचे आहे. परंतु त्याच वर्गातील एखादे चौकस मूल विचारते, "गुरुजी, कोल्हा जर मांस खातो, तर गोष्टीतला कोल्हा द्राक्षांसाठी उड्या कशाला मारीत होता?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोल्ह्याला फळे आवडतात, हे गोष्ट रचणाऱ्यास पक्के ठाऊक होते. रकाने पाडणाऱ्यास मात्र त्याचा विसर पडला. या प्रश्नाचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील घनदाट पर्जन्यवनांत फार चांगले सापडते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत ज्याला कोल्हा म्हणतात तो लांडग्याच्या जवळचा, आठ-दहा किलो वजनाचा प्राणी. खोकड त्याहून पुष्कळच लहान, दोन-तीन किलोंचे, आणि त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. परदेशी गोष्टींच्या भाषांतरांत जो "कोल्हा" आला, तो वस्तुतः खोकडाचा भाऊबंद होय. दक्षिण अमेरिकेतील कोल्हे या दोघांहून निराळे आहेत. सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर आली आणि उत्तरेकडील कुत्र्याच्या कुळातील प्राणी दक्षिण खंडात उतरले. त्यांच्या वंशजांनी तेथे आपली वेगळी शाखा निर्माण केली. रूपावरून लोकांनी त्यांस कोल्हे म्हटले, एवढेच.

खोकडासारखे प्राणी मुख्यतः मोकळ्या माळाचे रहिवासी. पर्जन्यवनात निर्वाह करणे त्यांना कठीण का जावे, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. अशा वनात वृक्षांचे छत्र इतके दाट असते की जमिनीपर्यंत ऊन फारच थोडे पोहोचते. जमिनीवर गवत नाही. म्हणून गवतावर जगणारे ससे-हरणांचे कळपही नाहीत. वनाचे वैभव सारे वर, शेंड्यांवर. खाली जे मिळते ते वरून गळून पडलेले, ओढ्या-डबक्यांत अडकलेले, अथवा पालापाचोळ्यात दडलेले असते. ज्याला एकाच प्रकारचे अन्न लागते, त्याची येथे उपासमार होईल. जो मिळेल ते खाईल, तोच येथे टिकेल.

ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात असा एक प्राणी टिकून आहे. त्याचे कान आखूड व गोलसर, अंगावरील केस गर्द, शेपूट झुपकेदार, आणि वजन नऊ-दहा किलो असते. फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यास आखूड कानांचा रानकुत्रा म्हणतात. तथापि त्याचा सर्वांत जवळचा आप्त एक कोल्हाच आहे. त्याच्या पायांच्या बोटांमध्ये काही अंशी पातळ पडदा असतो, आणि पाण्यात पोहताना तो पाहिला गेला आहे. एकटा हिंडणारा व माणसाची चाहूल टाळणारा हा प्राणी इतका दुर्मीळ की, अरण्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनाही त्याचे दर्शन क्वचितच घडते.

मग जो दिसतच नाही, तो काय खातो हे कळावे कसे? पेरू देशातील मनू राष्ट्रीय उद्यानात कोचा काशू नावाचे संशोधन-केंद्र आहे. तेथे रेनाटा लेईटे पिटमन या संशोधिकेने या प्राण्याचा माग काढला. त्याची विष्ठा गोळा करून तीतील हाडांचे तुकडे, खवले, पिसे, किड्यांची कवचे आणि बिया ओळखण्यात आल्या. नमुने अवघे २१ होते. त्यांतील नोंदींत मासे सर्वांत पुढे, सुमारे २८ टक्के निघाले. त्याखालोखाल कीटक, विशेषतः भुंगेरे, १७ टक्के. लहान-मोठे सस्तन प्राणी १३ टक्के. फळे आणि पक्षी प्रत्येकी १० टक्के. याखेरीज खेकडे, बेडूक व सरपटणारे प्राणी थोड्याथोड्या प्रमाणात होते. फळांत एका ताडवर्गीय झाडाची फळेही होती.

या आकड्यांकडे शिक्षकाने दोन दृष्टींनी पाहावे. ज्याला "मांसाहारी" म्हणून बाजूला काढावयाचे, त्याच्या ताटात माशांपासून फळांपर्यंत सर्व काही आहे, ही एक गोष्ट. दुसरी अशी की, एकवीस नमुन्यांवरून काढलेले अनुमान म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आणखी नमुने मिळाले तर प्रमाण बदलेल. विज्ञानात "इतके पाहिले, त्यावरून इतके म्हणता येते" असे बोलण्याची रीत आहे. ही रीत मुलांच्या अंगी बाणविणे हे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

याचा जवळचा आप्त म्हणजे खेकडेखाऊ कोल्हा. तो कोलंबिया-व्हेनेझुएलापासून उरुग्वे व उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेला आहे. ॲमेझॉनच्या सखल, गच्च अरण्यात तो बहुतांशी आढळत नाही. परंतु ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक पर्जन्यवनात त्याचा वावर आहे. वजन पाच ते सात किलो. बहुधा नर-मादीची जोडी बरोबर हिंडते. नावावरून तो केवळ खेकड्यांवर जगत असेल असे वाटते. पण नावावर विसंबू नये. पावसाळ्यात चिखलात व उथळ पाण्यात खेकडे सापडतात तेव्हा तो ते खातो, किडेही वेचतो. कोरड्या ऋतूत उंदीर, सरडे, पक्षी यांवर त्याचा अधिक भर असतो. अंडी मिळाली तर अंडी, मेलेले जनावर मिळाले तर तेही. आणि फळे तर त्याला अतिशय प्रिय. जंगली अंजिरे, ताडवर्गीय झाडांची फळे, माणसाने लावलेली केळी व आंबेसुद्धा तो सोडीत नाही. कोणत्या महिन्यात पाहिले यावर त्याच्या आहाराचे उत्तर अवलंबून असते.

फळ खाणारा प्राणी झाडावर उपकारही करतो. गर पचतो, पण कठीण कवचाची बी पुष्कळदा न मोडता बाहेर पडते. तीही मूळ झाडापासून दूर. मातृवृक्षाच्या सावलीत ज्या रोपाने तग धरला नसता, त्याला नवी जागा मिळते. अटलांटिक वनाची पुष्कळशी जमीन शेती व वस्तीसाठी मोकळी झाली असून उरलेले वन तुकड्यातुकड्यांनी विखुरले आहे. एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जाणारा आणि वाटेतील मोकळे रान ओलांडू शकणारा हा कोल्हा तेथे बियांचा वाहक ठरतो. महाराष्ट्रातही शेताच्या बांधावर पडलेल्या कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या दिसतात. कार्य तेच आहे.

असे असूनही या प्राण्यांच्या माथी आळ येतो. दक्षिण अमेरिकेतील पशुपालक खेकडेखाऊ कोल्ह्याला कोंबड्या व कोकरे मारणारा चोर समजून ठार करतात. तो कधीमधी कोंबडी पळवितो हे खरे; पण आहाराच्या तपासणीत पाळीव जनावरांचा वाटा अल्पच आढळला आहे. ॲमेझॉनमधील आप्ताचे संकट निराळे आहे. वृक्षतोडीबरोबर त्याचे घर, मासळीचे ओढे आणि फळझाडे एकदमच जातात. आणि वस्तीबरोबर येणारी पाळीव कुत्री डिस्टेंपरसारखे रोग अरण्यात नेऊ शकतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा इशारा दिला होता की, २०२७ पर्यंत या प्राण्याच्या अधिवासाचा सुमारे ३० टक्के भाग नाहीसा होण्याचा अथवा निकृष्ट होण्याचा संभव आहे. नानाविध अन्न खाऊन जगणाऱ्या प्राण्याचेही, सारे अन्न एकाच वेळी हिरावले गेले म्हणजे, काही चालत नाही.

हे सर्व दूरदेशीचे वाटू नये. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर खोकडांचा अभ्यास झाला असून उंदीर, किडे व फळे हे त्यांचे मुख्य अन्न असल्याचे दिसून आले. भटकी कुत्री जवळ असली म्हणजे खोकड समोरचे अन्नही टाकून दूर राहते, असेही तेथे आढळले. शेतकऱ्याचा उंदीर खाणारा हा प्राणी शेतकऱ्याच्याच कुत्र्याला भिऊन उपाशी राहतो. कोल्हा व खोकड या दोहोंच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मनाई आहे. परंतु कायदा गावोगावच्या बांधावर पोहोचावयाचा तर तो शाळेतूनच पोहोचेल.

या पाठासाठी खर्चाची साधने लागत नाहीत. फळ्यावर दोहोंऐवजी तीन रकाने काढावेत व तिसऱ्यास "मिश्राहारी" म्हणावे. मग मुलांना विचारावे की, मूळच्या दोन रकान्यांतील कोणकोणते प्राणी तिसऱ्यात आणावे लागतील, आणि कशावरून. मेंढपाळ, गुराखी व वडीलधारी शेतकरी यांना भेटून कोल्ह्याने अथवा खोकडाने प्रत्यक्ष काय खाल्लेले पाहिले, हे मुलांनी लिहून आणावे. "पाहिले" आणि "ऐकले" यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. पाठाचे मर्म त्या दोन शब्दांत आहे. ऋतुमानाप्रमाणे वर्षाचा तक्ता करून तो वर्गात लावावा. बांधावर विष्ठा दिसल्यास ती लांबूनच दाखवावी. तीत जंतांची अंडी असू शकतात, यास्तव मुलांस हात लावू देऊ नये.

द्राक्षांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आता सरळ उत्तर देता येईल : कोल्हा फळे खातो, मासे-खेकडेही खातो, जेथे जे मिळते ते खातो आणि त्यातून अरण्याची पेरणीही करतो. एवढे उत्तर देऊन मात्र थांबू नये. "हे कशावरून?" असे त्या मुलाने पुन्हा विचारले, तर पाठ खऱ्या अर्थाने साधला असे शिक्षकाने समजावे.