चिखलाचे टायर घेण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की थार, गुरखा, जिम्नीवाल्यांच्या डोक्यात एकच विचार घोळतो: यंदा मड-टेरेन टायर बसवायचेच!

या टायरची नक्षी जाडजूड असते आणि रबराच्या ठोकळ्यांमधल्या खाचा रुंद असतात. चाक फिरताना खाचांत भरलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुन्हा पकड मिळते. साध्या टायरच्या बारीक खाचा मात्र चिखलाने बुजतात. मग नवा टायरही गोटा झाल्यासारखा जागच्या जागी फिरतो. भोर-वेल्ह्याकडे भातखाचरांलगतच्या वाटांवर हा फरक चटकन कळतो.

पण तिथवर जायचं कसं? कात्रजचा घाट ओलांडून, डांबरावरूनच ना! भर पावसात ओल्या डांबरावर या टायरचं रबर कमी टेकतं, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. वर घरघर आवाज, आणि इंधनही जास्त. तुमचं रोजचं जाणं-येणं स्वारगेट ते कात्रज एवढंच असेल, तर माझं स्पष्ट मत: डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायर घ्या. मड-टेरेनची नुसती मिरवणूक महागात पडते.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2225 म्हणजे टायर 2025 सालच्या 22व्या आठवड्यात बनला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, गाडीच्या पुस्तिकेतल्यापेक्षा कमी नको. मोठ्या मापाचा मोहही नको. वळणावर चाक आतून घासू शकतं.

आणि चिखलात पकडीसाठी हवा कमी केलीत, तर डांबरावर येताच आधी ती भरा, मगच वेग घ्या.