वरकसातली नाचणी आणि अंगणवाडीचे ताट
(पनवेल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या वर्गात मी आयुष्यभर दारिद्र्यरेषा शिकवीत आलो. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी दरडोई, दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारे जीवनमान ही दारिद्र्याची कसोटी मानली. गरिबी मोजावी कशी हे या कसोटीने शिकविले, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु भूक म्हणजे धान्याची तूट आणि धान्य म्हणजे तांदूळ-गहू, असे समीकरण पुढे शासनाच्या धोरणात आणि आपल्या मोर्चांतही रूढ झाले.

त्याचे फळ पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये किलोने दिला. २०२३ पासून तो मोफत आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के झाले. वाढ खुंटलेली मुले ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर गेली. मुलाचे पोट लहान असते. नुसत्या भाताने ते भरते, पण पोसले जात नाही.

पोसणारे अन्न आपल्या भागाला नवे नाही. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, खाडीचा जवळा, पावसाळ्यात टाकळा आणि शेवळे, परसात शेवगा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते; सडलेल्या तांदळात जेमतेम दहा. सुका जवळा आणि वाल ही प्रथिनांची कोठारेच होत.

जुने ते सोने, असे मी म्हणत नाही. नाचणी हे गरिबाचे अन्न होते आणि भाताकडे वळणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. नाचणीची लागवड कष्टाची आणि घेणारा बेभरवशाचा. मग वरकस विकले जाते आणि तेथे फार्महाउस उभे राहते. ज्यांची जमीनच नाही असे कातकरी पावसाळा सरल्यावर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. मुलाचे नाव वाडीवरच्या अंगणवाडीत राहते, मूल भट्टीवर.

तेव्हा प्रश्न अन्न नाही हा नसून, सार्वजनिक पैशाने कोणाचे अन्न विकत घ्यायचे, हा आहे. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावच्या महिला मंडळांना आणि बचतगटांना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. तरीही आपल्या राज्याने घरपोच आहाराच्या निविदांत अशा अटी घातल्या की लहान बचतगट दारातच अडावेत. २०१९ साली न्यायालयाला त्या निविदा रद्द कराव्या लागल्या. शाळेतल्या अंड्याची कथा निराळी नाही. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी काढून घेतला आणि अंडे हवे तर लोकवर्गणी काढा, असे शाळांना सांगितले. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते. तेथील मूल आपल्या मुलाहून अधिक लाडके आहे काय?

पैसा कोठून आणणार, असे विचारले जाईल. पुष्कळसा पैसा आजही खर्च होतोच आहे. तो कोणत्या वाटेने जातो, एवढाच वाद आहे. तोच रुपया तालुक्यातल्या नाचणीला आणि वालाला मिळाला, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, बचतगटाच्या बाईला मजुरी आणि मुलाला आहार. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला. परंतु खरेदीची हमी नसेल तर हमीभाव कागदावरच राहतो.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असू द्या. अंगणवाडीत आठवड्यातून दोन दिवस नाचणी आणि वाल, हमीभावाने स्थानिक खरेदी करून. रांधणाऱ्या स्त्रीला पुरती आणि वेळेवर मजुरी. शाळेत अंडे, शासनाच्या खर्चाने. आणि मूल जेथे असेल तेथे, भट्टीवरसुद्धा, त्याचा आहार.

निवेदन देण्यापूर्वी एक काम करा. या आठवड्यात आपापल्या वाडीवरच्या अंगणवाडीत जेवणाच्या वेळी जा. सेविकेला धारेवर धरू नका. तीही अपुऱ्या मानधनावर राबते आहे. ताटात काय आहे आणि पटावरची किती मुले पंगतीला आहेत, एवढेच टिपून आणा. आपले आंदोलन त्या वहीपासून सुरू होईल.