ओटा कुणाच्या उंचीचा?

(फर्दापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



अपंग बाईला काय हवं, असं विचारलं की आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात. कुबड्या, तीनचाकी सायकल, कानाचं यंत्र. शिबिरात तेच वाटलं जातं. ही साधनं बहुतेक घराबाहेर पडण्यासाठी असतात आणि ती हवीतच. पण आपल्या समाजात बाईची किंमत जिथे ठरते, त्या स्वयंपाकघरात टेप घेऊन कुणी जात नाही. मुलगी लंगडते म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "सैपाक जमतो का?"

या भागातल्या एका बाईचं सांगते. लहानपणी पोलिओ झाला, ती सरकत चालते. जुन्या घरात चूल, पाटा, विळी, काठवट सगळं जमिनीवर. दहा माणसांच्या भाकरी ती एकटी थापायची. मग पक्कं घर झालं, गॅस आला, पावणेतीन फुटांचा ओटा आला. आता ती लसूण सोलते, तांदूळ निवडते आणि चहाची तल्लफ आली तर जावेची वाट बघते. तिचे पाय होते तसेच आहेत, शेगडी मात्र वर गेली.

शेगडी खाली का घेत नाही? कारण ती टाकीपेक्षा उंचावर ठेवावी, ही सुरक्षेची सूचना आहे. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, टाकीच खड्ड्यात उतरवू. बायांनो, हे चुकूनही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खड्ड्यात साठून राहतो. टाकी आडवीही करायची नाही. ५ किलोची बुटकी टाकी घ्यावी, तिच्यापेक्षा जरा उंच असा दगडी कट्टा करावा आणि बसायला त्याच बेताची चौकी. मोठ्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, लोखंडासकट वजन तीस किलोच्या आसपास जातं. ती हलवताना तर धडधाकट बाईचीही कंबर धरते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर टाक्या पोचल्या. टाकी कुणाच्या हाताने हलणार, हा प्रश्न घरातच राहिला.

विजेच्या शेगडीचं वेगळंच. ती जमिनीवर चालते, जाळ नाही. पण वर गुळगुळीत काच आणि सपाट बटणं. न दिसणाऱ्या बाईने बोटांनी काय ओळखायचं? फिरवायचं बटण असेल तर हाताला कळतं. नसेल तर बटणाशेजारी एम-सीलचा टिपका चिकटवायचा. कुकरची शिट्टी आंधळीला सोयीची, बहिरीला निरुपयोगी. ती वाफेकडे नजर लावून बसते. एका हाताने पीठ मळणारीची परात फिरते, खाली ओलं फडकं ठेवलं की जागेवर राहते. अशा युक्त्या बायकांनी स्वतः शोधल्यात. त्या कुठल्या कारखान्यापर्यंत गेल्या नाहीत, एवढंच.

गेल्या तर काय होतं? जयपूरला १९६८ साली कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी पाय बनवला. परदेशी पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्याचा होता. हा अनवाणी शेतात जाणाऱ्याचा, मांडी घालणाऱ्याचा. अमेरिकेत बेट्सी फार्बर या बाईंच्या हाताला संधिवात होता, सोलणं धरवेना. त्यातून जाड, मऊ मुठीची सोलणी निघाली. १९९० साली ती बाजारात आली आणि धडधाकट लोकांनीही उचलली.

आता आपल्याच चळवळीतला एक आक्षेप. आपण म्हणतो बाईला चुलीतून सोडवा, आणि ही बाई चूल सोयीची करायला निघाली! आक्षेप खरा आहे. सोयीची शेगडी आली म्हणून साऱ्या घराचा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडता कामा नये. शेगडी खाली आली तर नवराही तिथे बसू शकतो. पण चूल नाकारायची तर ती आधी हाताशी असावी लागते. कपभर चहासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर जगणारी बाई काय नाकारणार?

इथून लेण्यांवर जाणाऱ्या, चढण न झेपणाऱ्या पर्यटकाला चार खांद्यांवरची डोली मिळते. पायथ्याच्या गावातल्या बाईला ओट्यापर्यंत पोचता येत नाही.

कायद्यात सोय आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ४३ सांगतं की सर्वांना वापरता येतील अशा रोजच्या वस्तू तयार व्हाव्यात, लोकांपर्यंत पोचाव्यात, यासाठी सरकारने पावलं उचलावीत. कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात. मला त्या शब्दापेक्षा हे कलम जास्त कामाचं वाटतं. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून काय घ्यायचं हे बहुधा पुरुष ठरवतात, म्हणून स्वयंपाकघर यादीत येतच नाही. पुढच्या ग्रामसभेआधी आपापल्या गावातल्या अशा बायकांकडे जा. ती बसते कशी, हात कुठवर पोचतो, पकड किती आहे, ते मोजून लिहून आणा. कट्टा किती उंचीचा हवा, ते तिलाच सांगू द्या, आणि तो आकडा ठरावात घाला.